किलिमांजारोच्या उतारावरची सातवी

टांझानियात सकाळी सात वाजले की एक वाजला असं म्हणतात. किस्वाहिलीत तास मोजायचे ते सूर्य उगवल्यापासून. त्यामुळे मुख्याध्यापकांनी ‘उद्या दोन वाजता या’ म्हटलं, म्हणजे आठ वाजता, हे मला घरमालकिणीने समजावलं. पुढे बरेच दिवस मी कुणी वेळ सांगितली की त्यात मनातल्या मनात सहा मिळवत होते.

ब्रिटनमधल्या माझ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा एक गट मोशी शहराच्या वरच्या अंगाला, केळी आणि कॉफीच्या बागांमधल्या एका गावी प्राथमिक शाळेत मदतीला जायचा. गटात मी एकटीच भारतीय, आणि शिकवण्याचा अनुभव आमच्यात कुणालाच नव्हता. जुलै म्हणजे तिथे थंडी. मुलं स्वेटर घालून, काटक्यांचे झाडू घेऊन यायची आणि घंटेच्या आत अंगण लख्ख करायची. जाता-येता प्रत्येक जण मला ‘शिकामो’ म्हणायचा. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार. त्यावर ‘मराहाबा’ म्हणायचं. कालपर्यंत मी विद्यार्थिनी होते, इथे उतरल्या दिवसापासून वडीलधारी.

मला आधी पहिलीचा वर्ग दिला. सत्तरच्या वर मुलं, एकेका बाकावर चार-चार. घरी ती चाग्गा बोलतात, शाळेत किस्वाहिली शिकतात, आणि मला येतं इंग्रजी, हिंदी, मराठी. मी बोलायची, मुलं टक लावून बघायची. त्या वर्गात माझा उपयोग काय, हे खरंच कळेना. आमच्यातले काही जण भिंती रंगवायला लागले. मला तेही पटलं नाही. मोशीत रंगारी आहेत, आणि त्यांना काम हवं आहे.

वाट दाखवली ती सातवीच्या बाईंनी. दुपारी मका आणि घेवड्याचं माकांडे खाताना त्यांनी विचारलं, “तू स्वतः कोणत्या भाषेत शिकलीस?”

मी म्हटलं, “दहावीपर्यंत मराठीत. अकरावी सायन्सला एकदम सगळं इंग्रजीत.”

“मग माझ्या वर्गात ये. पहिलीत तुझं काम नाही.”

तिथली व्यवस्था मला त्यांच्याकडून कळली. 1967 पासून सरकारी प्राथमिक शिक्षण किस्वाहिलीत आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते. शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ त्यांनीच किस्वाहिलीत आणलं. पण माध्यमिक शाळा इंग्रजीच राहिली. सातवीची परीक्षा सप्टेंबरात, आणि जानेवारीत फॉर्म वनमध्ये, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्गात, बसलं की गणित, विज्ञान, भूगोल, सगळं इंग्रजीतून. प्राथमिकची फी 2001 मध्ये गेली, फॉर्म फोरपर्यंतची 2016 मध्ये. म्हणजे आता शेतकऱ्याचं मूलही त्या उंबरठ्यापर्यंत पोचतं आणि तिथे अडखळतं.

बाई आधी सगळा धडा किस्वाहिलीत शिकवायच्या. शेवटची काही मिनिटं माझी: तेच उदाहरण, तीच आकृती, इंग्रजीत. अपूर्णांक तोंडी सोडवणारी एक मुलगी तेच गणित इंग्रजीत ऐकल्यावर खाली बघत बसली. मला तिच्या पोटातला गोळा ओळखू आला. मलाही प्रकाशसंश्लेषणाची आकृती डोळे मिटून काढता येत होती, आणि तरी अकरावीत सरांनी प्रश्न विचारला की मी मान वर करत नव्हते. भाषा बदलली म्हणून हुशार मूल ढ ठरावं, याचा मला आजही संताप येतो. म्हणून त्या वर्गात मी एक नियम धरला: उत्तर किस्वाहिलीत आलं तरी ते बरोबरच, बाईंनी मान डोलावली की फळ्यावर लिहायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून ते इंग्रजीत म्हणायचं. त्या मुलीचा हात वर यायला लागला.

एका मुलाने बाईंना विचारलं, मोठ्या शाळेतही आपल्याच भाषेत का शिकवत नाहीत? त्यांनी मला त्याचा प्रश्न सांगितला आणि म्हणाल्या, शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होते तेव्हापासून हाच प्रश्न माझाही आहे. त्या दिवशी राहिलेला तास त्यावरच गेला, आणि सातवीचा वर्ग इतका बोलताना मी एरवी पाहिला नव्हता.

निघताना बाईंनी पुढच्या गटासाठी निरोप दिला, तो मी विद्यापीठाला जसाच्या तसा कळवला: जुलैतच या, सातवीलाच या, रंगाचे डबे आणू नका, आणि आपल्या भाषेत शिकून मग इंग्रजीत गेलेला एक तरी विद्यार्थी बरोबर आणा.