आमच्या पंगतीतली डावरी

आम्ही भावंडं आता साठीला टेकलो, तरी जमलो की ताईच्या डाव्या हाताचा विषय निघतोच. पाटाला पाट लावून पंगत बसायची आणि ताईचं डावं कोपर शेजारच्याच्या उजव्या कोपराला लागून आमटी सांडायची. म्हणून तिचा पाट कायम डावीकडच्या टोकाला. पुढे काकूने तिच्या डाव्या मनगटाला फडकं बांधलं. शाळेत बोटांवर पट्टी बसायची. शाईपेनाने लिहिताना तिचा तळहात ओल्या अक्षरांवरून फिरे आणि करंगळीची कड निळी होई. अखेर जेवण-लिखाण उजव्या हाताला गेलं. पण रांगोळीची चिमूट, अक्षता आणि कैऱ्यांवरचे दगड डावीकडेच राहिले. दगड मारताना ती उजवा पाय पुढे टाकायची, आणि नेम असा की आम्ही मुलगे मुकाट्याने कैऱ्या वेचायचो.

कारणं घरात ज्याची त्याची वेगळी. काकू म्हणे, नुसती खोड आहे, मोडली की जाते. आजोबांच्या मते, पाळण्यात एकाच कुशीवर निजवलं म्हणून. आजी ठामपणे सांगे, "आत्यावर गेलीय."

काकूचं म्हणणं तर साफच चुकलं. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत गर्भातली बाळं कुठला अंगठा चोखतात ते पाहून ठेवलं आणि तीच मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा चोखणारी ६० च्या ६० उजवी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावरी राहिली, ५ उजवी झाली. म्हणजे पाळण्याच्याही आधीच बरंचसं ठरलेलं असतं; आजोबाही बाद. आणि हे आजकालचं नाही. क्रोएशियातल्या क्रापिना इथे सापडलेल्या निअँडरथल माणसांच्या पुढच्या दातांवर ओरखडे आहेत. मांस दातांत धरून दगडी पात्याने कापताना ते पडले असावेत, आणि बहुतेकांचा तिरकेपणा उजव्या हाताचा आहे. तेव्हाही ताईसारखी थोडीच असणार. आज जगात दहात साधारण एक.

आजीला मात्र थोडे गुण द्यायला हवेत. डावरेपणात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे पाव धरतात. त्यासाठी एकच एक जनुक नाही, पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. बाकी बरंचसं गर्भात मेंदूची जडणघडण होताना योगायोगानेच ठरत असावं. एरवी अगदी एकसारख्या जुळ्यांतही एक डावरा, एक उजवा अशा जोड्या सर्रास आढळल्या नसत्या.

आमच्याकडेच होती तशी जोडी, धाकट्या काकांची मुलं. आरशासमोर बसल्यासारखी एकमेकांसमोर बसून जेवायची. यावर आजी काय म्हणणार म्हणून आम्ही टपून होतो. "एक आईवर गेला, एक बापावर," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

काका-काकू दोघंही उजवे.