आण्णांचा तराजू

तुम्ही किराणा दुकानातला जुना तराजू कधी निरखून पाहिलाय का? करमाळ्याला आमचं छोटंसं दुकान होतं. सकाळी दुकान उघडलं, की आण्णा आधी रिकामा तराजू उचलून धरायचे. काटा मध्यावर नसला, तर वर गेलेल्या पारड्याला खडा बांधायचे. त्याला म्हणायचं पासंग. "रिकामा तराजूच खोटं बोलला, तर भरलेला काय खरं बोलणार?" असं ते म्हणायचे.

पुढे शिकायला म्हणून जेऊरहून गाडी धरली आणि एके दिवशी प्रयोगशाळेत जाऊन पोचलो. तिथेही तराजूच! पण हा क्ष आणि गॅमा किरण जोखणारा. कॅडमियम झिंक टेल्युराइड या स्फटिकाची सुमारे चार सेंटिमीटर चौरस वडी. तिच्यावर १६ ओळी, प्रत्येक ओळीत १६ चौकटी. म्हणजे किती? बरोबर, २५६! या चौकटींना पिक्सेल म्हणतात. किरण आत शिरला, की स्फटिकात थोडा विद्युतभार मोकळा होतो आणि यंत्र एक आकडा दाखवतं. किरणाची ऊर्जा जास्त, तर आकडा मोठा.

गंमत अशी, की एकाच ऊर्जेच्या किरणाला एक पिक्सेल म्हणतो २१०, तर शेजारचा २२५! प्रत्येकाचा पासंग वेगळा. मग खरं कसं कळणार? त्यासाठी ठरलेली 'वजनं' असतात. अमेरिशियम-२४१ मधून ५९.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण निघतात, कॅडमियम-१०९ मधून ८८ चे, कोबाल्ट-५७ मधून १२२ चे. हे तीन बिंदू आलेखावर मांडायचे आणि रेषा काढायची. प्रत्येक पिक्सेलची रेषा निराळी. तापमान बदललं, की पुन्हा पहिल्यापासून!

आता खरं सांगतो. एकदा रात्रीचे अकरा वाजले आणि शेवटची ओळ राहिली. कंटाळून मी वरच्या ओळीचेच आकडे खाली उतरवले. कोण बघतंय? खोलीवर गेलो, पण झोप येईना. पन्नास ग्रॅम साखर कमी गेली म्हणून आण्णांनी मला भर उन्हात गिऱ्हाइकाच्या घरी पिटाळलं होतं, ते आठवत राहिलं.

सकाळी बाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हकालपट्टी! त्या एवढंच म्हणाल्या, "असं यंत्र उपग्रहावर गेलं, तर दुरुस्तीला वर कोण जाणार?" ती ओळ पुन्हा केली. सोळापैकी अकरा रेषा चुकलेल्या निघाल्या.

असं यंत्र खरंच वर गेलंय बरं का! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुण्याच्या आयुकासारख्या संस्थांच्या साथीने ते बनवलं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ते अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरून झेपावलं. त्यात अशा ६४ वड्या, म्हणजे १६,३८४ पिक्सेल. आणि तपासणीसाठी सोबत चिमूटभर अमेरिशियमही.

हे ऐकून आण्णा हसले. "म्हणजे माप बरोबरच घेऊन गेलाय की!"

उद्या दुकानात गेलात, तर काही ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, तेवढं बघा हं!