रायफलीबरोबर येणारं लटांबर

शिंदखेडा, २४ ऑक्टोबर २०२५
पुतण्या दिवाळीला पुण्याहून आलाय. कॉलेजचा प्रोजेक्ट: लष्करी खरेदीला सिस्टिम्स इंजिनिअरिंग कसं लावायचं. तक्त्यात रायफल; भोवती वजन, पल्ला, किंमत. "नाना, तुम्ही फौजेत होता, बघा ना." राउंड, म्हणजे काडतूस, कुठंच नव्हतं. मॅगझिन, तेल, दुरुस्तीची हत्यारं, काहीच नाही.

२५ ऑक्टोबर
त्याला इन्सासची कथा सांगितली. ५.५६ मिमीची ही रायफल पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेनं घडवली. रायफल झाली, पण राउंड देशात वेळेवर पुरेसे बनेनात. बाहेरून आणावे लागले. मधल्या काळात परदेशी एके रायफली घेऊन वेळ भागवली. हाच राउंड पुढं आपल्या खानदेशात, वरणगावच्या कारखान्यात बनू लागला. इथून भुसावळची गाडी धरली की थोडं पुढं.

मग १९९९, कारगिल. थंडीत मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. वीस राउंडचं, अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. किती उरले ते जवानाला बाहेरून दिसावं म्हणून तसं केलेलं. कल्पना झकासच. पण बर्फात मॅगझिन फुटलं तर उत्तम नळीचं लोणचं घालायचं का?

२७ ऑक्टोबर
आज मागणीपत्रावर वाद. लष्कराची २०११ ची निविदा: रायफल एकच, पण नळी बदलून दोन कॅलिबर चालवायची. कागदावर एक ओळ. प्रत्यक्षात नळीबरोबर बोल्ट बदलतो, मॅगझिन बदलतं, झिरोइंग, म्हणजे नेम जुळवणं, पुन्हा करावं लागतं. आणि सुटे भाग जवानानं वागवायचे. २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. तेव्हा संरक्षणमंत्री होते मनोहर पर्रीकर, आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे अभियंते. असल्या अवास्तव मागण्यांची ते जाहीर थट्टा करत.

एल-वनच्या नियमावर तर पोरगा चिडलाच. चाचणीत पास झालेल्यांत जो स्वस्त, त्याचा माल. म्हणजे पस्तीस टक्केवाला आणि पंच्याण्णववाला एकाच बाकावर, आणि नोकरी कमी पगार मागणाऱ्याला!

२८ ऑक्टोबर
आज काडतुसांच्या दोन केस कागदावर पट्टीनं मोजून मापात काढून दाखवल्या. एक ५१ मिमी, एक ३९. दोन्ही ७.६२ च्या, पण एकीचा राउंड दुसरीच्या रायफलीत चालत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या ७२,४०० सिग रायफलींना पहिला लागतो, अमेठीजवळ कोरव्याला बनणाऱ्या एके-२०३ ला दुसरा, इन्सासला अजून ५.५६. प्रत्येक खरेदीला स्वतंत्र कारण होतं, आणि तेही पटण्याजोगं. पण तिन्हींचा हिशेब एकत्र मांडायचा तर रायफलीच्या दरात वर्षानुवर्षांच्या सरावाचे राउंड धरावे लागतात. निविदा उघडताना ते कुणी धरत असेल, तर मला आनंदच आहे.