मलानींच्या खोलीत

चित्रकार नलिनी मलानींचं एकल प्रदर्शन पाहायला जाताना दारातला मजकूर आधी वाचू नये. कॅसांड्रा, मेडिया, फैज, महाश्वेतादेवी, हाइनर म्युलर अशी नावं तिथे दाटीवाटीनं उभी असतात आणि परीक्षेला बसल्यासारखं वाटू लागतं. सरळ आत शिरावं, नावं नंतर येतात.

•

'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' हे जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात २०१२ साली मांडलेलं काम. मायलार या प्लास्टिकची पाच पारदर्शक नळकांडी टांगलेली, उलट बाजूनं रंगवलेली, संथ फिरणारी. प्रोजेक्टरचा झोत त्यांतून आरपार जातो आणि चित्रांच्या सावल्या भिंतींवरून धावत एकमेकींत मिसळतात. मधून चालणाऱ्याची सावलीही त्यांतच पडते. दुसऱ्या कुणाची कथा पाहायला आलेला माणूस न विचारता त्या कथेत ओढला जातो. पुराणकथेतून आत्मशोध वगैरे जे म्हणतात, ते इथे शब्दशः घडतं. अंग चोरून कडेनं गेलात तरी सुटका नाही.

•

कॅसांड्रा ही ट्रॉयची राजकन्या. अपोलोनं तिला भविष्य पाहण्याची शक्ती दिली. तिनं त्याच्या प्रेमाला नकार दिल्यावर शाप दिला, की तुझं कुणी खरं मानणार नाही. आपल्याकडे लोककथेतला पांडव सहदेव आहे: त्याला सगळं ठाऊक, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्याचं मौन ज्ञानी ठरलं. कॅसांड्रा मात्र बोलत राहिली आणि वेडी ठरली. मलानी तिच्याकडे वर्षानुवर्षं परत परत जातात. क्रिस्टा वोल्फची 'कॅसांड्रा' ही कादंबरी त्यामागे आहे. पण मला वाटतं, मुद्दा कॅसांड्राचा कमी आणि ऐकणाऱ्यांचा जास्त आहे. त्या खोलीत आपण ट्रॉयचे लोक असतो.

•

काचेवर उलट चित्र काढायचं तंत्र मलानींनी भूपेन खक्करांकडून घेतलं. यात क्रमच उलटा होतो: जे सर्वांत वर दिसायचं ते आधी रंगवायचं. बुबुळ आधी, डोळा मग, चेहरा त्यानंतर, पार्श्वभूमी शेवटी. चुकलं तर वरून रंग लावून झाकता येत नाही. तंजावरची काचचित्रं अशीच. मलानींनी काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं. त्या गुळगुळीत पृष्ठावर दिव्याखाली पाहणाऱ्याचा चेहरा उमटतो, नेमका रंगवलेल्या बाईच्या खांद्यावर.

•

सीता आणि ग्रीक पुराणकथेतली मेडिया यांना मलानींनी एकत्र आणलं, ते मला सहज पटलेलं नाही. साम्य दिसतं: दोघी नवऱ्यासाठी माहेर सोडून परमुलखात गेल्या, दोघींना नवऱ्यानं टाकलं. पण मेडिया स्वतःची मुलं मारते. सीता मुलं बापाच्या हवाली करून धरणीच्या पोटात जाते. राग एकच असेल, पण एकीचा बाहेर पडला आणि दुसरीचा जमिनीत गेला, आणि मला त्यातला फरकच मोठा वाटतो. शिवाय जात्यावर दळणाऱ्या आपल्या बायकांनी सीतेची बाजू केव्हाच घेतली होती. रामाला बोल लावायला त्यांना ग्रीसपर्यंत जावं लागलं नाही.

•

मलानींचा जन्म १९४६, कराची. पुढच्याच वर्षी फाळणी. शिक्षण मुंबईत, जे.जे. कला महाविद्यालयात. स्टुडिओ होता लोहार चाळीत, हमाल आणि हातगाड्यांच्या गर्दीत. १९९२ साली केमोल्ड गॅलरीत (तेव्हा ती जहांगीर आर्ट गॅलरीच्या माडीवर होती) 'सिटी ऑफ डिझायर्स' हे प्रदर्शन झालं. चित्रं थेट भिंतींवर काढली आणि नंतर पुसून टाकली. विकायला काही उरलंच नाही. पुढेही त्यांनी अशी भिंतीवरची चित्रं केली आणि पुसली.

•

तक्रार एकच. हिंसा इतक्या देखण्या रंगांत येते, की माणसं तिच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. दोष रंगांचा का माणसांचा, कोण जाणे.

•

'कॅन यू हिअर मी?' मध्ये बोटानं आयपॅडवर काढलेली ८८ ॲनिमेशनं. तेव्हा वय सत्तरीपार. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत २०२० साली ती भिंतींवर एकावर एक उमटत होती. अर्धी काढली असती तर बरं झालं असतं असं वाटतं, पण कुठली काढायची ते मला सांगता येणार नाही.