डे की बोर्डिंग?

गेले तीन विकेंड एका फॉर्मनं खाल्ले. आम्ही इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो आणि लेकीला यिअर सेव्हनला, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी, एका खासगी शाळेत घालायचा विचार आहे. शाळा डे पण आहे आणि बोर्डिंग पण.

ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी आधी कामाचं. रजिस्ट्रेशन फी भरायची, ती सहसा परत मिळत नाही. मग सध्याच्या शाळेचा रिपोर्ट, मुलाखत आणि परीक्षा. बऱ्याच शाळा आयएसईबीची कॉम्प्युटरवरची प्री-टेस्ट घेतात: इंग्रजी, गणित, व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न आणखी अवघड. (त्यामुळे पोरगी 'पेपर फार अवघड होता' म्हणत आली तर पेढे आणायला हरकत नाही!) जागा मिळाली की डिपॉझिट. शाळा सोडायची तर साधारणपणे एका पूर्ण टर्मची नोटीस, नाहीतर टर्मची फी भरा. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट आहे, बोर्डिंगच्या फीवरसुद्धा. बर्सरी हवी असेल तर आईबापांचं उत्पन्न, शिल्लक, पुण्यातला फ्लॅट, सगळं उघडं करायचं.

एवढं सगळं एक्सेलमध्ये नीट बसलं. अडलो ते एका चौकोनापाशी: डे की बोर्डिंग?

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बोर्डिंगात कशाला रे? तुम्हाला काय कमी आहे?"

हसू आलं, पण तिचं खरं होतं. आपल्याकडे बोर्डिंग म्हणजे गरिबाच्या पोराची सोय. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली. माझे बाबा माण तालुक्यातले. गावात शाळा चौथीपर्यंतच. साठच्या दशकात ते अशाच एका बोर्डिंगात राहिले म्हणून शिकले, आणि म्हणून मी इथे. गंमत म्हणजे ईटनसुद्धा सहाव्या हेन्रीनं १४४० साली काढलं ते ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला! आज तिथली फी बघून घाम फुटतो.

बाबांच्या बोर्डिंगला कारण होतं. आमच्याकडे काय? शाळा गाडीनं वीस मिनिटांवर. कारण आहे ते आमचं. बायको रोज लंडनला जाते, मी संध्याकाळी सातपर्यंत कॉलवर. स्वावलंबन, मैत्री, खेळ.. शाळेच्या माहितीपत्रकातली ही कारणं खोटी नाहीत, पण आमची ती नव्हेत.

आणि एक गोष्ट एक्सेलमध्ये नव्हतीच. लेक मराठी बोलते ती रात्री जेवताना. शाळेत नाही, मैत्रिणींत नाही. वीकली बोर्डिंग घेतलं तर सोमवार ते गुरुवार ही जेवणं गेली. दोन-तीन वर्षांत ती आजोबांशी इंग्रजीत बोलायला लागेल. बाबांना इंग्रजी येतं, पण बोर्डिंगातल्या शिळ्या भाकरीच्या गोष्टी ते इंग्रजीत सांगणार कशा?

बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "घरी राहून शिकता येत नव्हतं म्हणून आम्ही गेलो. तिला येतंय ना?"

लेकीलाही विचारलं. ती म्हणाली, "मला चालेल. पण मग शाळेतलं रोजचं मी कोणाला सांगू?"

'डे'वर टिक केली. बायकोनं आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलंय. सहानंतर मी कॉलवर नसेन, असं टीमला कळवलंय. अमेरिकेतली मंडळी कुरकुरतायत, कुरकुरू देत. जागा मिळेल की नाही ते परीक्षेनंतर कळेल. चौदाव्या वर्षी तिलाच राहावंसं वाटलं आणि शाळेत बेड मोकळा असला, तर तेव्हा बघू.

असो. 'तुमच्या मुलीविषयी थोडक्यात लिहा' हा रकाना अजून रिकामा आहे. तिलाच लिहायला सांगावं म्हणतोय.