मशीन तात होगे

रायपूरला येऊन अकरा वर्षं झाली, तरी जून लागला की मी अजून आभाळाकडे बघतो आणि मनातल्या मनात होडी वर ओढायला लागतो. मालवणात मिरगाच्या आधी होडी किनाऱ्यावर घ्यायची, खाली ओंडके सरकवायचे, वर झावळ्या घालून शाकारायची. हे एकदा अंगात शिरलं की समुद्राचा वासही न येणाऱ्या गावात सुटत नाही. इथले लोक जूनमध्ये वर बघतात ते कुलरची कटकट कधी संपते म्हणून.

तसं मराठी बोलायला इथे कमी नाही. तात्यापाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. पण गणपतीच्या आरतीनंतर मी एकाजवळ होडीच्या मशीनमधल्या इम्पेलरचा विषय काढला, तर त्याने मला त्याच्या ओळखीचा कुलरवाला सुचवला. त्यामुळे मशीनवर बोलायचं तर कका. कका म्हणजे केंवट, दोन तासांवरच्या एका धरणावर मासे धरणारे. रोहू घेता घेता ओळख झाली, आणि त्यांच्या होडीमागचं जुनं पेट्रोलवरचं मशीन बघून माझी रविवारची सोय झाली.

गेल्या वर्षी मे महिन्यात पाणी पार तळाला गेलं होतं. भर दुपारी आम्ही जाळी काढायला निघालो आणि अर्ध्या वाटेवर रंग करपल्यासारखा वास आला. ककांनी मशीन बंद केलं, टोपावर पंजा ठेवला आणि झटक्यात काढला. "तात होगे भैया, मशीन तात होगे."

तात म्हणजे गरम. बलरामपूर जिल्ह्यात गरम पाण्याचे झरे आहेत, त्या गावाचं नावच तातापानी. पण पुढचं वाक्य ऐकून मी होडीत उभाच राहिलो. ककांनी मागे वाकून बघितलं आणि म्हणाले, "नइ मूतत हे."

असल्या मशीनला स्वतःचं पाणी नसतं. खालच्या पायातला पंप बाहेरचं पाणी ओढतो, ते सिलिंडरभोवती फिरतं आणि त्यातली एक बारीक धार मागून बाहेर पडते. धार दिसली की समजायचं, पोटात पाणी खेळतंय. आमचे आबा दोरी ओढून मशीन चालू केलं की वळून न बघता विचारायचे, "मुतता मा रे?" धारेचं इंग्रजी नाव मला नंतर कॅटलॉगात कळलं. आबा आणि कका एकमेकांच्या वाऱ्यालाही कधी उभे राहिले नव्हते, शब्द मात्र एकच.

वल्ही मारत काठाला आलो, मशीन मोहाखाली आडवं घातलं आणि पाय उघडला. पंपातलं रबरी चाक, तोच इम्पेलर, हाताच्या मुठीत मावेल एवढं. सहातली तीन पाती तुटलेली, उरलेली एका बाजूला वाकून तशीच घट्ट झालेली. पंपाच्या घराच्या आतल्या पत्र्यावर बारीक चरे. मालवणात आम्ही मिठाला भ्यायचो. बंदरात परतलो की गोड्या पाण्याने मशीन धुणं हा घरचा नियम. इथलं पाणी गोडं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण उथळात चालवलं की तळचा गाळ आत जातो आणि रबराला कानस लावल्यासारखं खातो. पाणी ओढायच्या जाळीत शेवाळ बसलेलं ते वेगळंच. तुटलेले तुकडे वर नळीत अडकतात, ते शोधल्याशिवाय नवं चाक घालून उपयोग नाही. दोन सापडले. तिसऱ्याने संध्याकाळ घेतली.

चाक रायपुरात मिळेना. शेवटी धाकट्या भावाने मालवणहून कुरिअर केलं, आमसुलांच्या पुडीत.

तोवर जून अर्धा झाला. छत्तीसगडात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्या-जलाशयांत मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी. म्हणजे इथेही शाकारणी आहेच, फक्त मला तिचा पत्ता नव्हता. टोरांटोतल्या वर्गमित्राला फोनवर सांगितलं, तर तो लगेच गुलाबी अँटिफ्रीझ भरायला सांगू लागला. त्याच्याकडे तळं गोठतं. मशीनमध्ये उरलेल्या पाण्याचा बर्फ झाला की ते नऊ टक्क्यांनी फुगतं आणि ओतीव धातूला तडा जातो. रायपुरात जानेवारीत पारा दहाच्या आसपास आला की लोक कानटोप्या काढतात. त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे पाणी फुगत नाही, गढूळ होतं.

मग पिंपात पाणी भरून मशीन त्यात चालवलं. कोरडं चालवलं तर नवं रबर क्षणात जळतं, हे ककांच्या नातवाला दोनदा सांगावं लागलं. गाळ निघेपर्यंत चालवलं. टाकी रिकामी केली, कारण हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं, दोरी हलकेच ओढून ते आत फिरवलं. रबरी चाक बाहेर काढून ठेवलं, दोन महिने वाकून बसू नये म्हणून. मशीन उभं टांगलं, म्हणजे राहिलंसाहिलं पाणी गळून जातं. झावळ्या कुठून आणणार? ककांनी युरियाची दोन पोती उसवून वर बांधली.

२४ जुलैला हरेली होती. त्यांची श्रावणातली अमावस्या, आमच्या कालनिर्णयात आषाढातली. घरी त्याच दिवशी दिवे घासून पाटावर मांडतात. ककांच्या अंगणात मुरुम पसरून त्यावर नांगर, कुदळ, रापा धुऊन ठेवलेले, आणि शेवटी रबरी चाक, हळदकुंकू लावलेलं. गुळाचा चीला खाताना मी त्याच्याकडे बघून हसलो तर काकी रागावल्या.

नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला आली. भावाने नारळ टाकून व्हिडिओ पाठवला; आम्हाला अजून आठवडाभर थांबायचं होतं. १६ ऑगस्टला पहाटेच गेलो. चाक बसवलं, होडी पाण्यात लोटली, ककांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, चौथ्यांदा फुरफुरलं. आम्ही दोघं मागे वाकलो. आधी नुसती फसफस, मग बारीक धार.

ककांनी तिच्याखाली बोट धरलं. "कुनकुन," म्हणाले. कोमट. मी मालवणला फोन लावला आणि भाऊ हॅलो म्हणायच्या आत ओरडलो, "मुतता रे, मुतता!"