मोटारीतला आवाज घरात आणताना

जुन्या मोटारीची किंमत ठरवताना गिऱ्हाईक इंजिन ऐकते, टायर पाहते, पत्रा ठोकून बघते. तिच्यातल्या टेपचे आणि ॲम्प्लिफायरचे पैसे मात्र कोणी देत नाही. म्हणून मोटार जाते आणि ती यंत्रणा मागे राहते. माळ्यावर, पलंगाखाली, कपाटावर अशा पेट्या आम्ही धर्मग्रामातील घरभेटींत कितीतरी पाहिल्या आहेत. ‘चांगली आहे हो फादर, पण घरात चालत नाही,’ असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. ती घरात चालते. मात्र मोटारीत तिला जे आयते मिळत होते, ते घरात आपल्याला उभे करून द्यावे लागते.

गेल्या वर्षी हा प्रश्न एका घरी जरा निकडीने पुढे आला. घरधनी आयुष्यभर टुरिस्ट गाडी चालवीत होते. ते निवर्तल्यावर कर्जापायी गाडी विकावी लागली. मुलाने विकण्यापूर्वी तिच्यातील टेप, ॲम्प्लिफायर आणि मागच्या फळीतले दोन लांबट स्पीकर काढून घेतले. टेपला लावलेल्या पेनड्राइव्हमध्ये वडिलांनी स्वतः निवडलेली गाणी होती: जुनी हिंदी, काही भक्तिगीते, आणि आपल्याकडच्या लग्नांत बायका म्हणतात ती गाणी, त्यांनीच कुठल्याशा मांडवात ध्वनिमुद्रित केलेली. वर्षाच्या मिस्सेच्या दिवशी ती त्याच यंत्रावर घरात वाजावीत, अशी आईची इच्छा होती. ती गाणी मोबाइलवर वाजली असती, हे तिलाही ठाऊक होते. तिला तो आवाज हवा होता.

मुलाने आधी इंटरनेटच्या डबीचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर जोडून पाहिला. ॲम्प्लिफायरवरचा तांबडा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. आवाज काही नाही. ‘फादर, बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्टच ना?’ त्याने विचारले. सेमिनरीत असताना फावल्या वेळात रेडिओ उघडून बसण्याची सवय आम्हांस होती, तेवढ्या भांडवलावर आम्ही त्याला वसईच्या रहाटाची आठवण दिली. विहीर काठोकाठ भरलेली असली, तरी रहाटाला गाडगी चारच असतील, तर वाडी भिजायची कशी? व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची आणि अँपिअर म्हणजे पाटातून वाहणारे पाणी. त्या ॲडॅप्टरमधून एक-दोन अँपिअर येतात. ॲम्प्लिफायरने जास्त मागताच तो दबतो, आणि ॲम्प्लिफायर स्वतःच्या संरक्षणासाठी बंद होतो. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करताना शंभराहून अधिक अँपिअर सहज देते. तिच्या जिवावर ही पेटी बेफिकीर असते.

मग किती अँपिअर हवेत? शुभवर्तमानातील बुरूज बांधणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. येथेही तेच करावे, पण पेटीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. त्या ॲम्प्लिफायरवर मोठ्या अक्षरांत १००० वॅट लिहिले होते आणि बाजूला २५ अँपिअरचा फ्यूज होता. खरे बोलतो तो फ्यूज. १२ व्होल्टला २५ अँपिअरने गुणले, की आत जाणारी शक्ती ३०० वॅट होते. या जातीचे ॲम्प्लिफायर त्यातील निम्मी किंवा थोडी अधिक शक्ती आवाजाला देतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे सतत मिळेल असा आवाज दीडशे-पावणेदोनशे वॅटचा. हजार कुठून आले, हे छापणाऱ्यालाच माहीत. (भाविकांनी जाहिरातींवर ठेवलेला विश्वास हा प्रवचनाचा स्वतंत्र विषय आहे.) आणि बैठकीच्या खोलीत कानाला पुरेसे वाटणारे संगीत दोन-चार वॅटमध्ये भागते. तेव्हा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा पुरवठा असला, की हातचे राखून काम होते.

तो कोठून आणावा, यावर घरात दोन मते पडली. मुलाच्या मामांचे म्हणणे, इन्व्हर्टरसारखी मोठी बॅटरी पलंगाखाली ठेवावी आणि चार्जर लावून द्यावा. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. मैदानातल्या मिस्सेला आणि सणाला लाऊडस्पीकरवाला जो ॲम्प्लिफायर आणी, तो २३० व्होल्टवर चाले आणि वीज गेली की बॅटरीवर. ते मामांनी लहानपणापासून पाहिलेले. पण मैदान वेगळे आणि दारे-खिडक्या लावून झोपण्याची खोली वेगळी. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला, की एक ठिणगी पुरते. त्याच पलंगावर दम्याने आजारी आजी झोपत होती. शिवाय बॅटरीच्या दोन टोकांवर एखादा पाना आडवा पडला, तर तो लाल होईपर्यंत ती प्रवाह देत राहते. आम्ही या बेताला स्पष्ट विरोध केला. मामा दोन दिवस आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते. बॅटरी वगळून नुसता चार्जर जोडणारेही भेटतात. त्याचा प्रवाह सपाट नसतो आणि गाण्याआधी स्पीकरमधून घूं असा आवाज ऐकू येतो.

मुलाच्या मित्राने जुन्या संगणकाचा वीजपुरवठा सुचवला. तोही चालतो. त्याची हिरवी तार काळीला जोडली, की तो जागा होतो आणि पिवळ्या तारांवर १२ व्होल्ट मिळतात. फक्त त्या तारांवर किती अँपिअर मिळतात, ते त्याच्या चिठ्ठीवर वाचावे. ती पेटी मात्र उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्या आत काही काळ ३०० व्होल्टच्या वर दाब टिकून असतो.

शेवटी ठरला तो रोषणाईच्या पट्ट्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी मिळतो तसला जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस. त्याच्या कडेला एक बारीक स्क्रू असतो. मीटर लावून तो हळूहळू फिरवला, की दाब साडेतेरा व्होल्टपर्यंत नेता येतो. चालत्या मोटारीतही साधारण तेवढाच असतो. हे ॲम्प्लिफायर जोडण्यापूर्वी करायचे. धन-ऋण उलटे जोडले, तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ॲम्प्लिफायर. या पुरवठ्यावर २३० व्होल्टचे स्क्रू आणि १२ व्होल्टचे स्क्रू एकाच ओळीत, उघडे असतात. ज्या घरात मुले रांगतात, तेथे हे तसेच ठेवणे आम्हांस मान्य नाही. वायरमनकडून तो हवेशीर पत्र्याच्या खोक्यात बसवून घेतला, पत्र्याला अर्थिंग दिले, आणि भिंतीतले अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत जाते का, तेही तपासायला लावले. ते जात नव्हते! जुन्या घरांत बहुधा हेच आढळते. गाण्यांच्या निमित्ताने त्या घराचे अर्थिंग झाले, हा लाभ आम्ही लहान मानीत नाही.

जोडणीत एक गंमत झाली. मोटारीत ॲम्प्लिफायरला जाणारी जाड तार एकच दिसते. परतीची वाट गाडीचा पत्राच असतो. मुलाने एक जाड तार आणली आणि परतीला घंटीची बारीक तार लावली. घरात पत्रा नाही. परतीची तारही तितकीच जाड, चार चौरस मिलिमीटरची आणि आखूड हवी, व फ्यूज पुरवठ्याजवळ. टेपच्या पिवळ्या आणि लाल तारा दोन्ही १२ व्होल्टला, काळी ऋणाला; निळी-पांढरी तार ॲम्प्लिफायरच्या ‘रिमोट’ खुणेला. ही शेवटची राहिली, तर बाकी सगळे बरोबर असूनही ॲम्प्लिफायर जागा होत नाही.

आवाज आला, पण पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. आईचा चेहरा उतरला. दोष ॲम्प्लिफायरचा नव्हता. गाडीत त्या स्पीकरांच्या मागे बंद डिकी होती. उघड्यावर ठेवले, की स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. सुताराने प्लायवूडची दोन खोकी केली, आत थोडा कापूस भरला. मग तो आवाज आला.

नुसते संगीतच हवे असेल, तर एवढा खटाटोप करू नये, असे आम्ही सर्वांना सांगतो. बाजारातला साधा घरगुती ॲम्प्लिफायर कमी श्रमात आणि कमी धोक्यात तेच काम करतो. जेथे त्या वस्तूलाच मोल आहे, तेथेच हे करावे, आणि वायरमनला बोलावून करावे.

वर्षाच्या मिस्सेनंतर पाहुणे जमले आणि गाणी लागली. मामांनीच बटण दाबले. काम झाले, की भिंतीवरचे बटण बंद करायचे, हा नियम आम्ही घातला आहे. त्यामुळे टेपच्या पिवळ्या तारेचा पुरवठाही तुटतो आणि कालचे गाणे कुठे थांबले, ते टेप विसरतो. दररोज संध्याकाळी पहिले गाणे तेच लागते. मुलगा त्यावर उपाय शोधतो आहे. आईने अजून काही तक्रार केलेली नाही.